पणजोबांना जुन्या वर्तमानपत्रात शोधायचंय? आधी तारीख लावा

'ग्रंथालयात जा आणि पणजोबांचं नाव शोधा' असा सल्ला देणाऱ्याने जुन्या अंकांची फाईल बहुधा उघडलेलीच नसते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी पत्रांना नावांची सूची नाही. तिथे अंक शोधावा लागतो आणि अंक तारखेने सापडतो. स्कॅन केलेल्या अंकांतही शोधपेटीवर भिस्त ठेवू नका. झिजलेल्या खिळ्यांची (शिशाच्या अक्षरठशांची) छपाई यंत्राला धड वाचता येत नाही, शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी 'गांव', 'नांव', 'तेथें' असे अनुस्वार सर्रास होते.

सुरुवात घरातून. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, फोटोमागची नोंद, जुना सातबारा, जे असेल ते एका वहीत उतरवा. मृत्यूचं वर्ष कुणाला आठवत नसलं तरी श्राद्धाची तिथी घरातल्या मोठ्या काकूला पाठ असते. मात्र विचारताना वर्षश्राद्धाची तिथी विचारा. पितृपंधरवड्यातली तिथी सगळ्यांचीच भाद्रपद वद्यात येते. तिच्यावरून ना महिना कळतो, ना पक्ष.

आता खरी डोकेदुखी, तिथीवरून इंग्रजी तारीख. मला सगळ्यात जास्त दमवलं ते याच पायरीने, म्हणून इथे घाई करू नका.

'शकात ७८ मिळवा' हे सूत्र अर्धंच खरं आहे. शक गुढीपाडव्याला बदलतो. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८, आणि १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. माघ-फाल्गुनात ७९ हे सरळ आहे. घोळ पौषात, आणि कधीकधी मार्गशीर्ष वद्यातही होतो, कारण ते डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर येतात. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, म्हणजे शके १८०२, पौष शुद्ध पक्षातला. इथे ७८ मिळवलेत तर १८८० साल हाती येईल आणि वर्षभराच्या चुकीच्या फायली चाळत बसाल. पौषाची किंवा मार्गशीर्ष वद्याची नोंद दिसली की दोन्ही वर्षं लिहून घ्या.

मग ताळा करा. पत्रिकेत शकाबरोबर संवत्सराचं नाव असतं. शके १८०२ हे विक्रम संवत्सर. पत्रिकेतला आकडा पुसट असेल, १८०२ की १८०७ कळत नसेल, तर संवत्सर लगेच निकाल लावतं, कारण तेच नाव साठ वर्षांनीच परत येतं. (पत्रिका काशीकडची असेल तर हे चालणार नाही, उत्तरेतलं चक्र वेगळं आहे.) दुसरा ताळा वाराचा. जंत्रीत (तिथी-तारखांच्या कोष्टकात) किंवा त्या वर्षाच्या पंचांगात तिथी काढा आणि घरच्या नोंदीतला वार जुळतो का पाहा. एका दिवसाचा फरक आला तर घाबरू नका. आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पहाटे तीनला गेलेला माणूस घरच्यांच्या लेखी आदल्या वारी गेलेला असतो. दोन-तीन दिवसांचा फरक असेल तर मात्र वर्षच चुकलंय. पूर्ण महिन्याचा फरक दिसला तर दोन गोष्टी तपासा: त्या वर्षी अधिक मास होता का, आणि नोंद उत्तरेकडच्या पद्धतीची आहे का. आपला आश्विन वद्य तो तिकडचा कार्तिक वद्य. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या घराण्यांनी हे आधीच बघून ठेवावं. आणि सरकारी कागदांवरची १९५७ नंतरची राष्ट्रीय दिनदर्शिका यात मिसळू नका, तिचे महिने तिथीवर चालतच नाहीत.

वर्ष अजिबात माहीत नसेल, तिथी-वाराखेरीज फक्त 'प्लेगात गेले' एवढंच कळत असेल, तर १८९६ पासून पुढची वर्षं एकेक करून वाराशी ताडून पाहा. यादी बरीच आखूड होते.

तारीख लागली की बाकी काम हमालीचं. पुण्याचं केसरी-मराठा ग्रंथालय, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि जिल्ह्याच्या गावातली जुनी वाचनालयं (रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं) यांना आधी फोन करून कोणत्या पत्राची कोणती वर्षं आहेत ते विचारा. पूर्वज मराठवाड्यातले असतील तर ते निजामाच्या राज्यात होते हे लक्षात ठेवून पत्र निवडा.

साप्ताहिकात बातमी त्याच आठवड्यात येईलच असं नाही. गावच्या बातमीदाराचं पत्र पोचून छापेपर्यंत वेळ जाई. पुढचे तीन-चार अंक पाहाच. आणि मृत्युवार्तेच्या मागे लागू नका, ती मोठ्या माणसांची असे. साधी माणसं सापडतात ती परीक्षांच्या निकालात, कोर्टाच्या नोटिशीत, वाचकांच्या पत्रव्यवहारात आणि वर्गणीच्या याद्यांत. १८९५ साली रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी केसरीने निधी उभारला, त्यात आणे-दोन आणे देणारेही होते. नाव वाचताना 'रा. रा.' (राजमान्य राजश्री), 'वे. शा. सं.' (वेदशास्त्रसंपन्न), 'गं. भा.' (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा) या बिरुदांपुढे आडनाव असेलच असं धरू नका. बऱ्याचदा नुसतं नाव, वडिलांचं नाव आणि गाव.

पान दोन्ही हातांनी उलटा, कोपऱ्याला धरलंत तर तुकडा हातात येतो. फोटो परवानगी घेऊन, फ्लॅश बंद ठेवून काढा. पहिला फोटो अंकाच्या शीर्षकपट्टीचा, तारीख-तिथीसकट, आणि मग बातमीचा.