मेमरी कार्डाविना रास्पबेरी पाय: टीव्हीसाठी नेटवर्कवरून बूट होणारा मीडिया संगणक

टीव्हीमागे बसवलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात सर्वांत आधी दगा देते ते बहुधा मेमरी कार्ड. कार्डावर लेखन चालू असताना वीज गेली की त्यावरील फाइल सिस्टिम बिघडू शकते, आणि वीज न सांगता जाणाऱ्या गावांत हा धोका रोजचाच असतो. चित्रपट आणि गाणी साठवणारा लिनक्स सर्व्हर घरात यूपीएसवर आधीच चालू असेल, तर कोडी या मीडिया प्लेअरसह संपूर्ण प्रणाली त्याच सर्व्हरवरून पुरवता येते. पुढील कृती रास्पबेरी पाय ४ आणि लिब्रेएलेक (फक्त कोडी चालवण्यासाठी बनवलेली छोटी लिनक्स प्रणाली) यांच्यासाठी आहे. पायला इथरनेट केबल जोडलेली असणे अनिवार्य आहे, कारण वायफायवरून तो अशा रीतीने बूट होत नाही.

कार्ड एकदाच लागते. रास्पबेरी पाय ओएस असलेल्या कार्डावरून पाय सुरू करून रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममधील प्रगत पर्यायांत बूटचा क्रम ‘नेटवर्क’ असा निवडावा. हा क्रम बोर्डावरील ईईप्रॉम या, वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपमध्ये साठतो आणि ‘एफ२१’ अशा अंकांनी दर्शवला जातो. तो उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो: १ म्हणजे कार्ड, २ म्हणजे नेटवर्क आणि एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. वीज परत आल्यावर सर्व्हरला उठायला वेळ लागला, तरी पाय प्रयत्न करत राहतो.

खरी अडचण यापुढे येते. बूट होताना पाय डीएचसीपी या, नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या पद्धतीद्वारे स्वतःसाठी आयपी पत्ता मागतो आणि फाइली कोणाकडून घ्यायच्या, हेही त्या उत्तरातूनच कळावे अशी त्याची अपेक्षा असते. घरगुती राउटर पत्ता देतो, परंतु ही दुसरी माहिती देण्याची सोय त्यात सहसा नसते. सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी पद्धतीने, म्हणजे राउटरच्या उत्तराला जोड देत, चालवून ती माहिती पुरवता येते. मात्र एक-दोन पाय असतील तर त्याहून सोपा मार्ग मला अधिक पसंत आहे. ईईप्रॉमच्या सेटिंगमध्येच ‘टीएफटीपी आयपी’ या नावापुढे सर्व्हरचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, लिहून ठेवावा. मग सर्व्हरवर साधी टीएफटीपी, म्हणजे बूटच्या फाइली पाठवणारी, सेवा पुरते. अर्थात राउटरमध्ये सर्व्हरसाठी तो पत्ता कायमचा राखून ठेवायला हवा.

आता लिब्रेएलेकच्या इमेजमधील पहिल्या पार्टिशनवरील सर्व फाइली टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये, पायच्या अनुक्रमांकाच्या नावाच्या उपफोल्डरात ठेवाव्यात. हा आठ अक्षरी अनुक्रमांक, कार्ड काढून पाय सुरू केल्यावर टीव्हीवर उमटणाऱ्या बूटलोडरच्या (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) पडद्यावर दिसतो. पाय प्रथम याच नावाच्या फोल्डरात शोध घेतो, त्यामुळे दोन टीव्हींसाठी दोन स्वतंत्र मांडण्या एकाच सर्व्हरवर सुखाने नांदतात.

त्यानंतर हे उपफोल्डर आणि स्टोरेजसाठीचे (कोडीची सेटिंग व डेटा ठेवण्याचे) एक रिकामे फोल्डर, ही दोन्ही एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणाऱ्या सेवेवर, शेअर करावीत. स्टोरेजला लेखनाची परवानगी आणि ‘नो रूट स्क्वॉश’ हा पर्याय द्यावा, कारण लिब्रेएलेक सर्व कामे रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणूनच करते आणि या पर्यायाविना सर्व्हर रूटचे अधिकार नाकारतो. उपफोल्डरातील सीएमडीलाइन या, बूटच्या सूचना असलेल्या फाइलमधील ‘बूट’ आणि ‘डिस्क’ या दोन नोंदींपुढे आधी एनएफएस, मग सर्व्हरचा पत्ता आणि शेवटी त्या-त्या फोल्डरचा मार्ग लिहावा, तसेच ‘आयपी=डीएचसीपी’ (ip=dhcp) ही नोंद जोडावी. संपूर्ण मजकूर एकाच ओळीत हवा. प्रत्येक पायला स्टोरेजचे फोल्डर वेगळेच द्यावे. दोन कोडी एकाच फोल्डरात लिहू लागले, तर त्यांचे एसक्यूलाइट डेटाबेस खराब होण्याची भीती असते.

पाय सुरू झाला नाही, तर बूटलोडरचा तोच पडदा पाहावा. आयपी पत्ता मिळालेला नसेल, तर केबल किंवा राउटर तपासावा. पत्ता मिळाला पण फाइल येत नसेल, तर सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ६९ हे पोर्ट बंद असण्याची शक्यता दाट असते. लिब्रेएलेकचे चिन्ह दिसून पुढे सर्व अडत असेल, तर दोष एनएफएसच्या परवानगीत किंवा सीएमडीलाइनमधील मार्गात शोधावा.

स्वयंचलित अपडेट बंद ठेवावे. नवी आवृत्ती आल्यावर सर्व्हरवरील ‘कर्नल’ आणि ‘सिस्टम’ या दोन फाइली, जुन्यांची प्रत बाजूला ठेवून, बदलाव्यात. काही बिनसले तर जुन्या फाइली जागेवर ठेवून पाय पुन्हा सुरू करता येतो.