केगमध्ये बिअर मुरवायची, गॅस नंतर चढवायचा

गॅस (कार्बन डायऑक्साइड) शेवटी चढवायचा आहे, म्हणून मुरवताना केगला गॅस लागतच नाही, हा समज बिअर बिघडवतो. 19 लिटरच्या कॉर्नी केगचं, म्हणजे स्टीलच्या उंच पिंपाचं, अंडाकृती झाकण आतल्या दाबाने बसतं. नुसती कडी दाबून ते हवाबंद होत नाही. दाब नसेल तर हवा आत शिरते आणि महिन्याभराने बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवायला 1949 च्या दारूबंदी कायद्याची आडकाठी आहे. ती बाजू आधी पाहून घ्या.)

भरण्याआधी आंबणं पुरतं संपलेलं हवं. तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजणारं साधन) रीडिंग दोनदा सारखं आलं तरच पुढे जा. केगमध्ये गेल्यावर बिअर चार पॉइंट (हायड्रोमीटरवर 0.004) जरी उतरली तरी दोन व्हॉल्यूमच्या (लिटरभर बिअरमध्ये दोन लिटर) आसपास गॅस तयार होतो. म्हणजे आपण चढवायच्या आधीच तो चढलेला असतो.

जुना केग कोल्ड्रिंकचा असेल तर पाचही रबरी रिंग बदला: झाकणाची एक, पोस्टच्या (केगवरच्या गॅस आणि लिक्विडच्या जोडण्या) दोन, आतल्या नळ्यांच्या दोन. रबरात मुरलेला वास धुऊन जात नाही. ब्लीच वापरू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात. स्टार सॅन हे जंतुनाशक लिटरला दीड मिली पुरतं. त्याचं पाणी केगमध्ये काठोकाठ भरा, झाकण लावा आणि 4-5 पीएसआय (दाबाचं एकक) कार्बन डायऑक्साइडने ते लिक्विड पोस्टमधून बाहेर ढकला. पाणी संपलं की आत जवळजवळ फक्त गॅस उरतो. रिकाम्या केगमध्ये वरून थोडा गॅस सोडून हे साधत नाही, कारण गॅस हवेत मिसळतो.

फर्मेंटरच्या (बिअर आंबवायचं भांडं) तोटीपासून लिक्विड पोस्टपर्यंत नळी जोडा, म्हणजे बिअर तळापासून शांतपणे भरते. गॅस पोस्टला लावलेल्या दुसऱ्या नळीने आतला गॅस फर्मेंटरच्या वरच्या मोकळ्या जागेत परत न्या. 18 लिटरवर थांबा. मग 25-30 पीएसआय देऊन झाकण बसवा, पोस्टवर आणि झाकणाच्या कडेला साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे नसतील तर झाकणावरचा व्हॉल्व्ह ओढून दाब 10-12 वर आणा आणि गॅसची नळी काढून ठेवा.

खरी फसगत यानंतर होते. दोन-तीन दिवसांनी गेज लावला तर दाब जवळजवळ शून्य दिसतो. गळती नसतानाही असं होतं, कारण वरचा थोडासा गॅस बिअरमध्ये विरघळतो. पुन्हा 10-12 द्या आणि पहिले दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी पाहा. 20 अंशांचा केग गार करायच्या आधी तर दाब द्यायलाच हवा. थंड बिअर जास्त गॅस ओढते, आत पोकळी होते आणि सैल झाकणातून हवा येते.

आता उकाडा. मे महिन्यात घोडबंदर रोड किंवा खारघरच्या बंद फ्लॅटमध्ये रात्रीही पारा 30 च्या आसपास असतो. अशा खोलीत बिअर मुरत नाही, म्हातारी होते. तळाचं यीस्ट फुटून सोया सॉससारखी चव येते ती वेगळीच. केग साधारण 63 सेंमी उंच असतो, त्यामुळे घरच्या फ्रिजपेक्षा वरून उघडणारा डीप फ्रीझर आणि बाहेरचा तापमान कंट्रोलर बरा. सेन्सर केगला चिकटवून त्यावर थर्माकोलचा तुकडा बांधा. हवेत लोंबकळत ठेवला तर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो. पावसाळ्यात आत पाणी साचतं, पोस्टवर बुरशी धरते, आठवड्याला पुसा.

पोर्टर, स्टाउट 12-15 अंशांवर तीन ते सहा आठवडे. आठ टक्क्यांवर अल्कोहोल असलेली स्ट्राँग एल तिथेच तीन ते सहा महिने. लागर 1-4 अंशांवर चार ते आठ आठवडे. आयपीए आणि गव्हाची बिअर मुरवायच्या फंदात पडू नका, त्यांचा ताजा वास उडतो.

सिलिंडर वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापेच्या एमआयडीसीतल्या गॅसवाल्यांकडे शोधा, पण फूड ग्रेडच मागा. किती गॅस उरला हे गेजवरून कळत नाही: द्रव शिल्लक असेपर्यंत काटा तापमानाप्रमाणे हलतो आणि 31 अंशांच्या वर आत द्रवच उरत नाही. सिलिंडरचं वजन करा, रिकाम्याचं वजन त्यावर कोरलेलं असतं. तो बाल्कनीच्या उन्हात ठेवू नका, झोपायच्या खोलीत तर नाहीच. पाच किलो गॅस सुटला तर अडीच हजार लिटरहून जास्त होतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तेवढा जीवघेणा आहे.

चव पुरेशी मुरली की केग 4 अंशांवर एक दिवस ठेवा, मग 11-12 पीएसआयवर सतत जोडून दहा-बारा दिवस. साधारण 2.4 व्हॉल्यूम गॅस चढतो. केग 30 पीएसआयला लावून हलवत बसलात तर गाळ उठतो आणि मुरवण्यातून आलेला स्वच्छपणा जातो. पहिला अर्धा ग्लास गाळाचाच येणार, तो मोरीत ओता. मधे केग हलवला तर पुढचाही.