झेंडूमागे देवगिरीचा डोंगर रंगवताना

तैलरंगात फुलदाणीमागे निसर्गदृश्य घ्यायचे असेल तर डोंगर आदल्या दिवशीच उरकावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात झेंडू लवकर मान टाकतो. फुलांसाठी पूर्ण बैठक मोकळी हवी.

डोंगराला अल्ट्रामरीन (गडद निळा), पांढरा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये, म्हणजे तैलरंग पातळ करायच्या द्रवात, पातळ करून लावा. कडा ओल्या असतानाच कोरड्या ब्रशने पुसट करा. खरी फसगत वाळल्या गवतात होते. ते दिसते तसे पिवळेजर्द रंगवले की झेंडू फिका पडतो. त्या पिवळ्यात थोडा जांभळा मिसळून तो मळकट करा. क्षितिजरेषा फुलदाणीच्या काठाला टेकू देऊ नका, नाहीतर दोन्ही एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात.

झेंडूची एकेक पाकळी मोजत बसू नका. आधी बर्न्ट सिएना व अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) यांचा गडद गोळा, त्यावर कॅडमियम ऑरेंज, आणि उजेडाच्या बाजूलाच कॅडमियम यलोचे जाड फटकारे. उजळ करायला पांढरा ओतला तर फूल खडूसारखे दिसते. त्याऐवजी लेमन यलो घ्या.

वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवे: पहिल्याला नुसते टर्पेंटाइन, दुसऱ्याला त्याच्या 2 भागांत 1 भाग जवसाचे तेल. उलटे केले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर आकसतो आणि चित्राला तडे जातात. टर्पेंटाइनची वाफ कोंडू नये म्हणून खिडक्या मात्र उघड्या ठेवा, कितीही झळा आल्या तरी.