उद्या करू म्हणणाऱ्यांसाठी: गेम आणि अ‍ॅप वापरून कामाला कसं लागायचं

चालढकल करणाऱ्याला लोक सरळ आळशी म्हणून मोकळे होतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. आळशी माणूस निवांत असतो हो, चालढकल करणारा निवांत नसतो, त्याच्या डोक्यात ते काम सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच असतं, फक्त हात लागत नाही. फुशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलं की ही भानगड वेळेच्या नियोजनाची कमी आणि मनाची जास्त आहे, म्हणजे काम समोर आलं की भीती वाटते, कंटाळा येतो, आपल्याला जमणार नाही असं वाटतं, आणि ते वाटणं टाळायला आपण मोबाईल उचलतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि काम आहे तिथंच. म्हणून भिंतीवर टाइमटेबल चिकटवून काही होत नाही, टाइमटेबल ती भीती कमी करत नाही.

आता दुसरीकडे बघा. पुस्तक घेऊन दहा मिनिटं न बसणारा मुलगा गेम घेऊन तीन तास बसतो, आणि त्या तीन तासांत तो बहुतेक वेळ हरत असतो! तरी परत सुरू करतो. कारण पुढचं पाऊल छोटं असतं आणि समोर दिसतं, केलं की लगेच उत्तर मिळतं, हरलं तर कोणी टाकून बोलत नाही, आणि पलीकडे मित्र वाट बघत असतात. या चार गोष्टी आपल्या कामाला लावता आल्या तर अर्धी लढाई झाली, आणि खाली जी अ‍ॅप सांगतेय ती याच चार गोष्टींसाठी सांगतेय, नाहीतर प्ले स्टोअरवर अ‍ॅपना काय तोटा आहे.

पण आधी काहीच डाउनलोड करू नका. एक कागद घ्या आणि जे एक काम सगळ्यात जास्त रखडलंय ते लिहा, एकच. मग ते तोडा. आमची वहिनी गोव्यात डिचोलीला घरी शिवणकाम करते, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी तिच्याकडे ब्लाउजच्या ऑर्डरींचा ढीग पडतो आणि तो ढीग बघूनच तिला मशीनकडे जावंसं वाटत नाही. तिच्या यादीत असायचं "ऑर्डरी पूर्ण करणे". आता हे काम आहे का? हे तर डोंगर आहे. आम्ही दोघींनी बसून ते असं लिहिलं: हिरव्या ब्लाउजचं कापड पिशवीतून काढून टेबलावर ठेवणे. मापाची वही उघडून पान शोधणे. अस्तर कापणे. पहिल्या दोन गोष्टींना मिळून पाच मिनिटं पण लागत नाहीत, आणि कापड टेबलावर आलं आणि वही उघडली की कात्री आपोआप हातात येते. पहिलं पाऊल इतकं छोटं हवं की ते न करायला कारणच सापडू नये. अभ्यासाचं असेल तर "इतिहास वाचणे" असं नाही लिहायचं, "पुस्तक काढून पान ४२ उघडणे" असं लिहायचं.

दुसरं म्हणजे केव्हा ते ठरवा, पण घड्याळाच्या काट्याने नको. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये लिहिलंय की नुसतं "मी करीन" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवलं तर ते पार पडायची शक्यता बरीच वाढते. आपल्याकडे याच्यासाठी अमुक शोधायला लांब जायला नको, सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा हॉर्न वाजतो की नाही? पाव घेतले, चहा झाला, कप धुवून ठेवला की मशीनवर. संध्याकाळी परत हॉर्न वाजला की वहिनीच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने पुस्तक उघडायचं. दुपारी जेवून झोपायची आपली सवय आहे, तिच्याशी भांडू नका, उलट "उठून तोंड धुतलं की लगेच" हीपण चांगली खूण आहे.

आता गेमकडे येऊ. हॅबिटिका हा मला सगळ्यात आवडणारा, २०१३ ला सुरू झाला तेव्हा त्याचं नाव हॅबिटआरपीजी होतं. फुकट वापरता येतो, ब्राउझरमध्ये चालतो आणि फोनवर पण, आणि कामं तुम्ही मराठीत टाईप करू शकता. त्यात तुमचं एक पात्र असतं आणि तुमची खरी कामं हाच खेळ. हॅबिट म्हणजे दिवसात कितीही वेळा होऊ शकेल अशी गोष्ट, डेली म्हणजे ठरल्या दिवशी व्हायलाच हवी ती, टू-डू म्हणजे एकदा करून संपणारं काम. टिक केलं की अनुभवाचे पॉइंट आणि सोनं मिळतं. डेली चुकली की जीव कमी होतो, तो सुरुवातीला ५० असतो, शून्यावर आला की पात्र मरतं, एक लेव्हल खाली येतं आणि साठवलेलं सगळं सोनं जातं. जे काम तुम्ही टाळत राहता त्याचा रंग लाल लाल होत जातो, आणि गंमत म्हणजे लाल झालेलं काम केलं तर बक्षीस जास्त मिळतं, म्हणजे सगळ्यात नकोसं कामच सगळ्यात फायद्याचं होऊन बसतं. हे ज्याने कोणी डोकं लावून केलंय त्याला मानलं पाहिजे.

सुरुवात करताना डेली तीनच टाका, जास्त नको. पहिल्या दिवशी उत्साहात लोक पंधरा टाकतात, पहाटे उठणे, योगा, डायरी, पाणी पिणे, आणि चौथ्या दिवशी पात्र मरतं आणि अ‍ॅप डिलीट. दिवस बदलायची वेळ मध्यरात्रीची असते, तुम्ही उशिरा झोपत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ती पहाटेची करून घ्या. आणि बक्षिसं स्वतःची बनवा, ती सोय त्यात आहे. भाच्याने त्याच्या फुटबॉल गेमच्या एका मॅचची किंमत सोन्यात लावलीय, आधी अभ्यास करून सोनं कमवायचं, मग मॅच विकत घ्यायची. गेम बंद करायला सांगितलं असतं तर घरात महाभारत झालं असतं.

पण याच्यातली खरी ताकद पार्टीमध्ये आहे. पार्टी म्हणजे तीन-चार जण मिळून एका राक्षसाशी लढायचं, तुमच्या डेली झाल्या की त्याला मार बसतो, आणि कोणा एकाची जरी चुकली तरी राक्षस सगळ्यांना मारतो. वहिनी, भाचा आणि मी अशी आमची पार्टी आहे. भाच्याने अभ्यास केला नाही तर त्याच्या आईचा जीव कमी होतो, अक्षरशः स्क्रीनवर दिसतं, आणि आई स्वयंपाकघरातून विचारते "रे, माझे सहा पॉइंट गेले, काल काय करत होतास?" टिक खोटी करता येते हे खरंय, पण जिच्या हातचं जेवतो तिच्यासमोर खोटी टिक करायला जीभ रेटत नाही. चवथीच्या दिवसांत गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायची, पाहुणे, आरत्या, तेव्हा कोण टिक करत बसणार, त्यासाठी सेटिंगमध्ये नुकसान थांबवायची सोय आहे, फक्त एक लक्षात ठेवा की ते एकाने लावलं आणि पार्टीतल्या दुसऱ्याची डेली चुकली तर राक्षसाचा मार तरीपण बसतो, म्हणून सगळ्यांनी एकदमच लावायचं.

टायमरचं थोडक्यात सांगते कारण ते बहुतेकांना माहितीय. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास सुरू केला, त्यावरून या पद्धतीचं नाव पोमोडोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो, २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, चार झाले की मोठी सुट्टी. ज्यांना २५ झेपत नाहीत त्यांनी १० पासून सुरू करा, काही बिघडत नाही. फॉरेस्ट नावाच्या अ‍ॅपमध्ये टायमर लावला की झाड वाढायला लागतं आणि मध्येच दुसरं अ‍ॅप उघडायला बाहेर पडलात तर मरतं. मित्रांबरोबर एकत्र झाड लावता येतं आणि एकाने फोन उचलला तरी ते सगळ्यांचं मरतं, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांनी हे जरूर करून बघावं.

फोनच नडत असेल तर अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग आधीपासून असतं, त्यात रील्सच्या अ‍ॅपला दिवसाची मर्यादा लावा आणि स्क्रीन काळी-पांढरी करा, रंग गेला की निम्मी ओढ जाते असा माझा अनुभव आहे. कॉम्प्युटरवर लीचब्लॉक फुकट आहे, ब्राउझरमध्ये बसतं आणि वेळ खाणाऱ्या वेबसाइट अडवतं. ते पण तुम्ही बंद करून टाकत असाल तर कोल्ड टर्की घ्या, त्यात कुलूप लावून ठेवलं की ठरलेली वेळ संपेपर्यंत सहजासहजी उघडत नाही.

पाठांतर असेल तर अँकी, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. गावच्या जत्रेला देवळासमोर नाटक होतं, दादा त्यात असतो, आणि तालीम सुरू झाली तरी नक्कल, म्हणजे आपले संवाद, पाठ नाही ही तर प्रत्येक गावची रड. अँकीत पत्ते असतात, पुढच्या बाजूला प्रश्न, मागे उत्तर. दादाच्या पत्त्यावर पुढे समोरच्या पात्राचं शेवटचं वाक्य, मागे त्याचा स्वतःचा संवाद. पत्ता बघायचा, मोठ्याने बोलायचं, मग उलटून बघायचं आणि जमलं की नाही ते खरं खरं दाबायचं. अडलं तर तो पत्ता थोड्या वेळात परत येतो, जमलं तर एक-दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग त्याहून उशिरा, म्हणजे विसरायच्या जरा आधी. आपण किती वेगाने विसरतो हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं, अँकी त्याच्यावरच उभं आहे. लांब स्वगत असेल तर ते एका पत्त्यावर कोंबू नका, दोन-दोन ओळींचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या पुढच्या बाजूला आधीच्या तुकड्याची शेवटची ओळ टाका, म्हणजे साखळी तयार होते. समोरच्या पात्राचं वाक्य तालमीत रेकॉर्ड करून पत्त्यावर टाकता येतं, मग कदंबच्या बसमध्ये उभ्याने पण होतं, कानात इअरफोन घालून.

भाचा तेच परीक्षेसाठी करतो. गोवा मुक्त झाला तो दिवस? १९ डिसेंबर १९६१. जनमत कौल? १६ जानेवारी १९६७. घटकराज्य? ३० मे १९८७. एका पत्त्यावर एकच गोष्ट, हा नियम मोडू नका. अँकी रोज २० नवे पत्ते देतं, ते सेटिंगमध्ये १० वर आणा, कारण आजचे नवे पत्ते उद्या-परवा उजळणीला परत येणारच आहेत आणि ढीग झाला की परत टाळाटाळ सुरू. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे, कॉम्प्युटरवर पण फुकट, आयफोनवर मात्र पैसे पडतात. आणि परीक्षा किंवा नाटक आठ दिवसांवर आल्यावर हे सुरू करू नका, त्याला दिवस लागतात, तोच त्याचा गुण आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायचीय. जे तुम्हाला मुळातच आवडतं ते गेममध्ये घालू नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल, आणि नंतर त्याच मुलांचा चित्रं काढण्यातला रस कमी झाला. आपल्याकडे घराघरात पेटी-तबला आहे, भजन आहे, मुलगा आपणहून रियाजाला बसत असेल तर त्याला पॉइंट देऊ नका, स्टिकर देऊ नका, त्याला बसू द्या. गेम फक्त त्या कामांना जी करायला पाय उचलत नाहीत.

तसंच अ‍ॅप सजवत बसणं हीसुद्धा चालढकलच असते, रंग निवडणे, पात्राला टोपी घालणे, याद्या परत परत लावणे. सगळं मिळून दिवसाला दहा मिनिटांच्या वर त्याला देऊ नका, आणि एका वेळी एकच नवीन अ‍ॅप, ते महिनाभर टिकलं तर दुसरं. आणि कामात मन न लागण्याबरोबर झोप उडालीय, जेवण जात नाही, आवडत्या गोष्टीत पण रस नाही असं आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर हे अ‍ॅपचं काम नाही, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा किंवा बांबोळीला मानसोपचार संस्थेत दाखवा, त्यात लाज कसली.

राहिला पाऊस. सत्तरी तालुक्याकडे जून-जुलैत लाईट गेली की नेटवर्क पण जातं आणि कधी येईल सांगता येत नाही. अँकीड्रॉइड नेटशिवाय चालतं, सवयींची नोंद ठेवणारा लूप हॅबिट ट्रॅकर पण चालतो, त्याला खातं पण लागत नाही आणि त्यात एखादा दिवस चुकला म्हणून सगळं शून्यावर येत नाही, सवयीचा आकडा थोडा खाली येतो आणि परत चढतो, म्हणून ज्यांना साखळी तुटली की सगळंच सोडून द्यायची सवय आहे त्यांना मी हॅबिटिकाच्या आधी लूपच सुचवते. हॅबिटिकाला मात्र नेट लागतं. तेव्हा काम झालं की तारीख घालून कॅलेंडरवर पेनाने खूण करा, दुसऱ्या दिवशी नेट आल्यावर हॅबिटिका उघडला की तो आधी विचारतो काल काय काय केलंत, तिथं कॅलेंडर बघून टिक करा आणि मगच पुढे जा, म्हणजे झालेल्या कामाचा मार बसत नाही.