सांधा गोठवण्याआधी एक वेणी घालून बघा

माझी दोन बोटं आखडली, पण दोन्हींचं दुखणं वेगळं. हे कळायला मला वर्ष लागलं.

सुभाषनगरात लग्न होऊन आले तेव्हापासून मी कोल्हापुरी चपलेची वेणी घालते. डावी अनामिका मोपेडवरून पडून मोडली. महिनाभर प्लास्टर होतं, ते काढलं तर मधला सांधा वाकेना. उजव्या तर्जनीला तसं काहीच लागलं नव्हतं. नखाजवळ दोन टणक गाठी आल्या आणि शेवटचं पेर हळूहळू तिरकं झालं.

तुमचं कुठलं, ते घरी असं बघा. बोट आपलं आपण वाकवा, मग दुसऱ्या हाताने हळू वाकवा. दुसऱ्या हाताने वाकतं पण आपलं आपण वाकत नाही, तर बहुधा बोट ओढणारी दोरी, म्हणजे टेंडन, अडकलीय नाहीतर तुटलीय. कशानेच वाकत नाही, तर सांधाच धरलाय. सकाळी हात अर्ध्या तासात मोकळे होत असतील तर बहुतेक झीज. तासाच्या वर लागतो आणि दोन्ही हातांचे मुठीचे सांधे सुजतात, तर सुजेच्या संधिवाताची, म्हणजे आमवाताची, तपासणी लवकर करा. त्याला औषधं आहेत आणि उशीर महागात पडतो. साखर असलेल्यांनी नमस्कार करून बघावा. तळवे आणि बोटं एकमेकांना टेकत नसतील तर डॉक्टरांना सांगा.

अनामिका मी व्यायामाने परत मिळवली. हाड जुळलंय असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरुवात केली. आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात. मग आखडलेल्या सांध्याच्या खालचं पेर दुसऱ्या हाताने घट्ट धरायचं, तेवढाच सांधा वाकवायचा, पाच आकडे थांबायचं. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. खालचं पेर धरलं नाही तर मोकळे सांधेच वाकतात, आखडलेला आरामात बसून राहतो. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळणं हा माझा फुकटचा व्यायाम. ताण जाणवला पाहिजे, पण दुसऱ्या दिवशी बोट सुजलं तर जास्त झालं. एका ओळखीच्याने तेल लावून बोट कडकन ओढलं होतं. आठवडाभर आरीसुद्धा धरता आली नाही. ओढून द्यायचं नाही कुणाला.

तर्जनीला यातलं काहीच लागू पडलं नाही. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजून हाडावर हाड घासत होतं. रापीच्या, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराच्या, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड केली, गोळ्या घेतल्या, बोटाला आधाराची पट्टी बांधली. तरी कातडं चिमटीत धरलं की डोळ्यांत पाणी. मग फ्यूजन, म्हणजे सांधा कायमचा गोठवायचं ऑपरेशन, ठरलं: झिजलेली टोकं साफ करून दोन हाडं स्क्रूने एक करायची. दुखणं जातं, पण तो सांधा पुन्हा कधीच वाकत नाही.

म्हणून कोन आधी ठरवा. शेवटचा सांधा साधारण सरळ किंवा जरासा वाकवून बसवतात. मधला जास्त वाकवून, आणि करंगळीकडे जाल तसा आणखी. मुठीचा सांधा सहसा गोठवत नाहीत, तिथे कृत्रिम सांध्याचा विचार होतो. मी ऑपरेशनआधी डॉक्टरांकडून बोट एकाच कोनात धरणारी आधाराची पट्टी लावून घेतली आणि चार दिवस तसंच काम केलं. अगदी सरळ बोट वेणीच्या कातड्याच्या पट्ट्यांत आडवं येत होतं. जरा वाकवलं, तर कातडं बरोबर चिमटीत बसलं. तुम्ही शिलाई करत असाल तर सुई धरून बघा, लिहीत असाल तर पेन.

ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे पट्टी होती. बाकीची बोटं पहिल्या आठवड्यापासून हलवायची, नाहीतर तीही आखडतात. आणि मिश्री बंद! तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. सूज, लाली, पू, ताप यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आता वेणी होते, भाकरी थापते. रिक्षावाल्याला द्यायला पाकिटाच्या कोपऱ्यातून रुपया काढायला तेवढी मधल्या बोटाची मदत लागते, आणि थंडीत बोटाचं टोक ठणकतं. त्या मधल्या बोटालाही आता नखाजवळ गाठ दिसायला लागलीय. पट्टी लावून एक वेणी घालून बघितली. अजून तरी गरज नाही.