काळी आहे म्हणून रेगूर समजू नका: आयोवाच्या लोएस मातीत होणाऱ्या चुका

अमेरिकेत पूर्व आयोवातल्या एका मक्याच्या शेतात खड्डा खोदला होता. त्यात पहिल्यांदा उतरलो आणि भिंतीकडे बघूनच मी सांगून टाकलं, "भारी जमीन. चिकणमाती." लहानपण मराठवाड्यात गेलेलं, त्यामुळे काळी म्हणजे भारी हे डोक्यात पक्कं बसलेलं. बरोबरच्या सर्वेक्षकाने काही न बोलता भिंतीतलं एक सुकं ढेकूळ काढून माझ्या हातात दिलं. दाबलं तर भुगा झाला आणि बोटांना मैदा लागावा तशी माती लागली. तिला 'टामा' म्हणतात. आपल्याकडून कृषी शिकून इकडे आलेली मुलं या मातीपाशी त्याच त्या ठिकाणी फसतात, आणि त्यांच्या आधी मी फसलो आहे.

पहिली चूक रंगाची. आपली रेगूर, म्हणजे कपाशीची काळी जमीन, दख्खनच्या बेसाल्टपासून झाली. तिच्यात फुगणारी चिकणमाती निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त असते, पण सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्कासुद्धा नसतो. टामाचा काळेपणा गवताचा आहे. माणसापेक्षा उंच वाढणारं प्रेअरी गवत हजारो वर्षं मुळं कुजवत राहिलं, म्हणून वरचा फूट-दीड फूट थर काळपट झाला. मूळ द्रव्य म्हणजे वाऱ्याने आणलेला पोयटा, वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांचा. शेवटच्या हिमयुगात बर्फ वितळून येणाऱ्या नद्यांनी पात्रांत गाळ टाकला, पाणी ओसरल्यावर वाऱ्याने तो उचलला आणि माळावर पसरला. हेच लोएस. नदीजवळ थर जाड, लांब जावं तसा पातळ. मिसुरी नदीकाठच्या लोएस टेकड्यांत तो काही ठिकाणी 60 मीटरपर्यंत आहे.

दुसरी चूक बोटांची. पोयटा ओला केला की गुळगुळीत लागतो, आणि गुळगुळीत म्हणजे चिकण असं ठरवून आपण मोकळे होतो. घाई करू नका. लिंबाएवढी माती घ्या, थेंब थेंब पाणी घालत मिनिटभर पोळीच्या कणकेसारखी मळा, मग अंगठ्याने पुढे ढकलत पट्टी काढा. वरच्या थराची पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आतच तुटते. खालच्या थरात चिकणमाती 27 ते 35 टक्के असते, तिथे ती थोडी लांब जाते. खऱ्या चिकण मातीची पट्टी पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली तरी तुटत नाही आणि बोटाला सोडत नाही. वाळू जवळजवळ नाहीच, पाच टक्क्यांच्या आत. जुने सर्वेक्षक चिमूटभर माती दाताखाली धरत: चिकण लोण्यासारखी लागते, पोयटा बारीक कचकचतो. फवारणी झालेल्या शेतात हा प्रयोग अर्थातच करू नये.

आता निचरा. मातीच्या सर्वेक्षण नकाशात टामापुढे 'उत्तम निचऱ्याची' असं लिहिलेलं वाचलं की मुलांना वाटतं पाणी झरझर खाली जात असेल. हा शब्द वेगाचा नाही. वर्षातून किती दिवस आणि किती खोलीवर जमीन पाण्याने भरलेली राहते, एवढंच तो सांगतो. वेग म्हणाल तर मध्यम, तासाला साधारण 15 ते 50 मिलिमीटर. उलट या मातीची मोठी खुबी पाणी धरून ठेवण्यात आहे. वरच्या दीड मीटरमध्ये पिकाला घेता येईल असं सुमारे 300 मिलिमीटर पाणी मावतं. जुलैत दोन-तीन आठवडे पावसाने ओढ दिली तरी मका हिरवा दिसतो तो याच जोरावर.

त्याच लोएसवर, त्याच शिवारात, टामाच्या शेजारणी आहेत. पश्चिम इलिनॉयमध्ये उंचवट्यावर आणि उतारावर टामा, सपाट माथ्यावर मस्कटीन, आणि पाणी साचणाऱ्या सखल भागात सेबल. वरून तिन्ही काळ्या. सेबल तर सगळ्यांत काळी, आणि निचरा तिचाच सगळ्यांत वाईट. म्हणून वरचा थर बघून निचरा ठरवू नका. ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, 60 सेंटिमीटरपर्यंत घाला. खाली पिवळसर तपकिरी माती निघाली तर टामा, राखाडी निघाली तर सेबल, तपकिरीत राखाडी ठिपके दिसले तर मधली, मस्कटीन.

यातही एक गंमत आहे. टामातसुद्धा मीटरभराच्या खाली राखाडी पट्टे आणि जुन्या मुळांभोवती साचलेल्या लोखंडाच्या गंजक्या नळ्या सापडतात. ते बघून काही जण पाण्याची पातळी तिथवर येते असं लिहून टाकतात. पुष्कळदा ते जुन्या, अधिक ओल्या काळाचे डाग असतात. वसंतात एखादं भोक उघडं ठेवून त्यात पाणी चढतं का बघावं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक मात्र वापशाची, म्हणजे माती मशागतीजोगी सुकली का हे ओळखण्याची. रेगुरीत वापसा आला नसेल तर ती स्वतःच सांगते: चप्पल रुतते, पायाला किलोभर माती लागते, माणूस आपोआप परत फिरतो. टामा पायाला लागत नाही. वर दोन बोटं सुकली की वाटतं, घाला ट्रॅक्टर. खाली ओल तशीच असते, चाकाखाली पोयट्याचे कण एकमेकांत बसतात आणि नांगरटीखाली घट्ट थर तयार होतो. रेगूर उन्हाळ्यात भेगाळून स्वतःला पुष्कळशी मोकळी करून घेते. टामात तेवढा फुगवटा नाही आणि हिवाळ्यातलं गोठणं-वितळणं खोलवरच्या दडपणावर फारसं चालत नाही. नांगरटीच्या खोलीवरून मूठभर माती घ्या, गोळा करा, अंगठ्याने टोचा. फुटला तर चला, नुसता खळगा पडला तर घरी चहा प्या.

पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला की वर खपली धरते आणि कोंब खालीच वाकडे होतात. गेल्या पिकाचे धांडे रानात राहू दिले तर हा त्रास बराच कमी होतो.

नकाशाचं वाचनही नीट हवं. आयोवाच्या सर्वेक्षणात टामाचा क्रमांक 120. 120बी आणि 120सी2 पाहून "दोन्ही टामाच की" म्हणू नका. बी म्हणजे 2 ते 5 टक्के उतार, सी म्हणजे 5 ते 9, आणि शेवटचा 2 म्हणजे मध्यम धूप झालेली. तिथे काळा थर साधारण 8 ते 18 सेंटिमीटरच उरलेला असतो, म्हणजे नांगर खालची तपकिरी माती वर काढतोय. मे महिन्यात रस्त्यावरून जाताना उताराच्या खांद्यावर फिकी टकलं दिसतात, ती हीच. मातीचा नमुना घेताना माथा, खांदा आणि पायथा एकाच बादलीत कालवला तर जो आकडा येतो तो शेतातल्या कुठल्याच जागेचा नसतो.

धुपीची 'चालणारी' मर्यादा टामाला एकरी वर्षाला 5 टन धरतात. ऐकायला किरकोळ. हिशेब करा: जेमतेम मिलिमीटरभराचा थर. पण तो वर्षावर्षाला जातो, आणि माझ्या मते या आकड्याला मर्यादा म्हणणंच फसवं आहे.

शेवटची तक्रार बऱ्याचदा अशी येते: "उतार आहे, माती चांगल्या निचऱ्याची आहे, तरी मधल्या पट्ट्यात जूनपर्यंत चिखल." दोष टामाला देऊन अख्ख्या शेताखाली सच्छिद्र पाइप टाकायचा खर्च करू नका. लोएसखाली कित्येक ठिकाणी फार जुन्या जमिनीचा राखाडी, चिवट चिकणथर पुरलेला असतो. इथले शेतकरी त्याला 'गम्बो' म्हणतात. वरून मुरलेलं पाणी त्यावर अडतं आणि तो थर जिथे उतारावर उघडा पडतो तिथे आडवं पाझरतं. चिखलाच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर दहा पावलांवर, अशी दोन भोकं पाडा. गम्बो लागला तर पाझराच्या वरच्या अंगाला, उताराला आडवी अशी एकच पाइपाची ओळ बहुतेक वेळा पुरते.