गोमुख किती मागे गेलं? घरबसल्या मोजायची रीत

मी संगमनेरला भूगोल शिकवते. गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचं खालचं टोक, जिथून भागीरथी निघते. पहिल्यांदा उपग्रहाच्या चित्रांवरून ही हिमनदी मोजायला बसले, तेव्हा ती मागे जायच्या ऐवजी चक्क पुढे सरकलेली निघाली! वर्गात हशा पिकला. एक चित्र ऑक्टोबरचं होतं, दुसरं फेब्रुवारीचं, आणि ताजं हिम सगळंच पांढरं करून टाकतं. तेव्हापासून दोन्ही चित्रं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमधलीच घेते. पावसाचे ढग सरलेले असतात, नवं हिम पडायचं असतं.

जुन्या चित्रासाठी लँडसॅट-५ हा उपग्रह (१९८४ पासूनचा, पिक्सेल म्हणजे चित्रातला एक ठिपका ३० मीटरचा), नव्यासाठी सेंटिनेल-२ (१० मीटर). पहिलं अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर, दुसरं कोपर्निकस ब्राउझरवर, दोन्ही फुकट. लँडसॅट-७ ची मे २००३ नंतरची चित्रं नकोत. यंत्र बिघडल्याने त्यांत काळे पट्टे आहेत. लागोपाठची वर्षंही नकोत. गोमुखाच्या माघारीची दीर्घकाळची सरासरी वर्षाला वीसेक मीटर, म्हणजे लँडसॅटचा एक पिक्सेलही भरत नाही. निदान पंचवीस-तीस वर्षांचं अंतर ठेवा.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत दोन्ही चित्रं यूटीएम ४४ उत्तर या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या रीतीत) एकावर एक ठेवा. आधी न हलणारी एखादी डोंगरधार जुळते का ते बघा.

खरी गोम पुढे आहे. उपग्रह प्रकाशाचे पट्टे वेगवेगळे टिपतो. पुस्तकी रीत अशी: त्यांतल्या हिरव्या पट्ट्यातून लघुलहरी अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) पट्टा वजा करायचा, दोघांच्या बेरजेने भागायचं, उत्तर ०.४ च्या वर आलं की हिम. वरच्या शुभ्र भागात हे छान चालतं. गोमुखापाशी मात्र बर्फावर दगडमातीचा थर आहे, आणि संगणक त्याला डोंगरच समजतो. तिथे डोळ्यांवरच भिस्त. मी भागीरथीची रेघ धरून वर वर जाते. पाणी जिथे गडप होतं आणि बर्फाच्या कड्याची सावली दिसते, तिथे मुखाची रेघ ओढते.

ही रेघ वेडीवाकडी येते. म्हणून प्रवाहाच्या दिशेने दहाएक समांतर रेघा आखा, प्रत्येकीवर जुन्या-नव्या मुखातलं अंतर मोजा, सरासरी काढा. उत्तरापुढे चूकही लिहा. लँडसॅटला मी दोन पिक्सेल, म्हणजे ±६० मीटर धरते. गेल्या वर्षी एका पोरीने मीटरचे दोन दशांश लिहून आणले होते. अर्धा गुण कापला.